अणुप्रकल्पाची मंजुरी आणि जनसुनावणी: हरकत नोंदवायची ती अशी

"तारापूरच्या जुन्या अणुभट्ट्यांत बदल चाललेत म्हणे. त्याची जनसुनावणी कधी आहे?" हा प्रश्न मला नाशकात वर्षातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणारा बहुतेक वेळा मोखाडा-जव्हारकडचा, कामाधंद्यानिमित्त सातपूर-अंबडला स्थायिक झालेला, आणि घरचे अजून खाली पालघर जिल्ह्यात असलेला. खरं उत्तर ऐकून तो नाराज होतो: चालू प्रकल्पातल्या सुरक्षा-बदलांसाठी आपल्याकडे जनसुनावणी होतच नाही. सुनावणी नवीन प्रकल्पाची किंवा विस्ताराची असते, तीही पर्यावरणाच्या मंजुरीसाठी. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळ्या फायली.

हा घोळ लक्षात न आल्यामुळे माणसं चुकीच्या टेबलावर अर्ज देतात आणि खऱ्या सुनावणीच्या दिवशी नको तिथे बोलतात. इतिवृत्तात मात्र त्यांच्या नावापुढे एक ओळही येत नाही. म्हणून अगदी सुरुवातीपासून सांगतो.

## १. आधी फाईल कुठली ते ओळखा

सुरक्षेतला बदल म्हणजे शीतकरणाची पाइपलाइन बदलणं, आणीबाणीत पाणी सोडायची जादा जोडणी देणं, बॅकअप डिझेल पंप बसवणं अशी कामं. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर आपल्या अणुवीज केंद्रांत अशी बरीच कामं झाली. याची परवानगी अणुऊर्जा नियामक मंडळ देतं. हे मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं आणि त्याचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. प्रस्ताव आधी केंद्राच्या स्वतःच्या समितीत जातो, मग ही केंद्रं चालवणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनच्या मुख्यालयातल्या सुरक्षा समितीत, आणि मग महत्त्वाप्रमाणे नियामक मंडळाच्या 'सारकॉप' या समितीपुढे. ही समिती चालू प्रकल्पांच्या सुरक्षेचा आढावा घेते. या साखळीत जनतेसाठी खुर्ची नाही. ते योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, मला व्यक्तिशः ते खटकतं. पण खुर्ची नसलेल्या ठिकाणी उभं राहून उपयोग नाही.

नवीन अणुभट्टी किंवा क्षमतावाढ असेल तर १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना लागू होते. तिच्या यादीत अणुवीज प्रकल्प १(ई) या नोंदीखाली येतात आणि सगळेच 'अ' वर्गात, म्हणजे निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा. जनसुनावणी इथे असते आणि ती घेतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाची सुनावणी १६ मे २०१० ला माडबनला झाली ती याच नियमाखाली.

मधला एक प्रकार फसवा आहे. चालू प्रकल्पाच्या विस्ताराचा किंवा 'आधुनिकीकरणा'चा अर्ज अधिसूचनेच्या ७(ii) कलमाखाली आला, तर नव्याने सुनावणी हवी की नको हे मंत्रालयाची तज्ज्ञ समिती ठरवते. त्यामुळे 'विस्तार' हा शब्द दिसला म्हणून सुनावणी होणारच, असं धरून बसू नका.

नियामक मंडळ म्हणजे फक्त तारापूर, असंही समजू नका. लासलगावचं 'कृषक' विकिरण केंद्र, जिथे आंब्यावर आणि कांद्यावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडतात, तेही याच मंडळाच्या परवान्याखाली येतं. तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याचं एक्स-रे मशीनसुद्धा.

तपासा: बातमीत किंवा नोटिशीत 'पर्यावरण मंजुरी' हे शब्द आहेत का? असतील तर टप्पा ३ वर जा. नसतील तर टप्पा २.

## २. सुरक्षा-बदलाची फाईल: माहिती अधिकाराचा अर्ज

इथे आपल्या हातात मुख्य हत्यार एकच, माहितीचा अधिकार. ते बोथट करायच्या तीन रीती मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात.

पहिली, शुल्क. राज्याच्या कार्यालयात दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप चालतं, म्हणून लोक तेच नियामक मंडळाच्या अर्जाला चिकटवतात. हे मंडळ केंद्राचं आहे. तिथे पोस्टल ऑर्डर, डिमांड ड्राफ्ट, रोख किंवा ऑनलाइन भरणा लागतो. स्टँप लावलेला अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो.

दुसरी, मत मागणं. "तारापूर सुरक्षित आहे का?" याला माहिती अधिकारी उत्तर द्यायला बांधील नाही. कागद मागा. उदाहरणार्थ: "तारापूर केंद्राच्या युनिट १ व २ च्या शेवटच्या नियतकालिक सुरक्षा आढाव्यानंतर मंडळाने घातलेल्या अटींची यादी, आणि प्रत्येक अटीच्या पूर्ततेची तारीख द्यावी." असा सविस्तर आढावा साधारण दर दहा वर्षांनी होतो. त्याची यादी असणारच. ही दोन युनिट १९६९ ची, २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केलेली. त्यामुळे त्यांच्याबद्दल विचारण्यासारखं पुष्कळ आहे.

तिसरी, नकार आला की गप्प बसणं. कलम ८(१)(अ) दाखवून, म्हणजे देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन, माहिती नाकारली जाते. ती काही भागापुरती योग्यही असते. पण कलम १० सांगतं की देता येण्यासारखा भाग वेगळा काढून द्यायचा असतो. हे वाक्य मूळ अर्जातच लिहा. उत्तराची मुदत ३० दिवस आणि उत्तर आल्यावर प्रथम अपिलाला पुन्हा ३० दिवस.

अर्जाआधी मंडळाचा वार्षिक अहवाल चाळा. त्यात जे छापलंय तेच अर्जात मागितलं, तर "संकेतस्थळावर उपलब्ध" एवढंच उत्तर येतं. त्यात त्यांची चूक नसते.

## ३. नोटीस आली, आता दिवस मोजा

सुनावणीची जाहिरात एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात येते. तिथून सुनावणीपर्यंत किमान ३० दिवस मिळायला हवेत. गावात पेपर पोचत नसेल तर दवंडीसारखे मार्ग वापरावेत, असं अधिसूचनाच सांगते.

नोटीस दिसल्या दिवशी तीन कामं करा:

- कात्रण कापा, त्यावर पेपरचं नाव आणि तारीख पेनाने लिहा. मोबाइलमधला फोटो पुढे सापडत नाही, आणि सापडला तरी त्यात तारीख कापलेली असते.
- जाहिरातीच्या दिवसापासून सुनावणीच्या दिवसापर्यंत मोजा. २९ भरले तर लेखी तक्रार आजच द्या, सुनावणीच्या दिवशी नाही.
- प्रकल्पाचा पर्यावरण आघात अहवाल कुठे ठेवलाय ती यादी उतरवून घ्या. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित ग्रामपंचायत आणि प्रदूषण मंडळाचं कार्यालय इथे प्रत असायला हवी.

यादीतल्या निदान दोन ठिकाणी प्रत्यक्ष जा. आपल्याकडे ते अवघड नाही: जिल्हा परिषद आणि प्रदूषण मंडळाचं उद्योग भवनातलं प्रादेशिक कार्यालय, दोन्ही त्र्यंबक रोडलाच. "साहेब मीटिंगला गेलेत, कपाटाची चावी त्यांच्याकडे" असं ऐकू आलं, तर तिथेच उभं राहून कागदावर लिहा: अमुक तारखेला अमुक वाजता अहवाल पाहायला मिळाला नाही. तो कागद आवकला द्या आणि पोच घ्या. जैतापूरच्या वेळी मराठी अहवाल गावात वेळेवर आला नाही, अशी तक्रार होती. अशा तक्रारीला कागद असेल तरच पुढे वजन येतं.

सावधान: तारीख पुढे ढकलणं सोपं नसतं. काही आकस्मिक प्रसंग आला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारस केली, तरच ती बदलते आणि त्याच पेपरांत पुन्हा छापावी लागते. "बहुतेक पुढे जाईल" या गप्पांवर तयारी थांबवू नका.

## ४. कोण बोलू शकतो, कोण लिहू शकतो

सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ होते आणि जिल्हावार होते. प्रकल्प दोन जिल्ह्यांत पसरला असेल तर दोन सुनावण्या. ती मुळात स्थानिक बाधितांसाठी आहे. पर्यावरणाच्या बाजूने ज्यांचा रास्त संबंध आहे, अशा इतरांसाठी दुसरी वाट आहे: लेखी म्हणणं.

म्हणजे प्रकल्प पालघर जिल्ह्यात आणि तुम्ही नाशिकचे असाल, तर त्र्यंबक-जव्हारचा घाट उतरून मंडपात भाषण करण्यापेक्षा चार पानांचं लेखी निवेदन तुमच्या कामाचं. तुमचा संबंध काय ते पहिल्याच परिच्छेदात सांगा: तिकडे जमीन आहे, आईवडील राहतात, मासळीचा धंदा आहे. ज्यांचं तिकडे घरदार आहे त्यांनी मात्र जावं आणि बोलावं.

## ५. अहवाल वाचायचा कसा

बहुतेक जण मराठी सारांश वाचतात आणि थांबतात. सारांशात प्रकल्पाची सोयीची बाजू असते. मूळ अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत असतो, पण सगळा वाचायची गरज नाही. मी या क्रमाने वाचतो.

सुरुवातीला मंत्रालयाने दिलेल्या अभ्यासाच्या अटी, ज्यांना टीओआर म्हणतात, आणि त्यांच्या पूर्ततेचा तक्ता. ज्या अटीसमोर "नोंद घेतली" किंवा "पाळण्यात येईल" एवढंच लिहिलंय, तिथे खूण करा. अभ्यास करायला सांगितला होता, आश्वासन मागितलं नव्हतं.

मग नमुने कुठून आणि कधी घेतले ते. नकाशा उघडा, आपलं गाव शोधा, आपली विहीर किंवा खाडी त्यात आहे का बघा. महिने बघा. पाणी फक्त पावसाळ्यानंतर तपासलं असेल, तर ते चांगलंच दिसणार. माहिती किती जुनी आहे तेही बघा, साधारण नियम तीन वर्षांचा आहे.

अणुप्रकल्पात शेवटी आणीबाणीचा भाग. प्रकल्पाभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा पट्टा आपत्कालीन नियोजनाचा धरतात. त्या पट्ट्यातले रस्ते, शाळा, दवाखाने अहवालात बरोबर दाखवलेत का? कागदावर दोनपदरी असलेला रस्ता तुमच्याकडे पावसाळ्यात चार दिवस फरशी पुलाखाली जात असेल, तर ही गोष्ट मुंबई-दिल्लीच्या तज्ज्ञाला ठाऊक नसते. तुम्हाला असते. सगळ्या सुनावणीत गावकऱ्याचं ज्ञान तज्ज्ञापेक्षा सरस ठरतं ती हीच जागा, आणि नेमकी हीच सोडून लोक रेडिएशनच्या सिद्धांतावर बोलतात.

अणुभट्टीच्या रचनेवर प्रश्न विचारलात, तर प्रकल्पाचा माणूस नम्रपणे म्हणेल, "ते नियामक मंडळ पाहतं." आणि विषय संपेल. मुद्दा समुद्रात सोडायचं गरम पाणी, मासेमारी, विहिरी, रस्ते, जमीन, ढिगारा टाकायची जागा यांवर बेतलात, तर त्याला असं सुटता येत नाही.

## ६. हरकत लिहायची कशी

एका मुद्द्याला एक परिच्छेद. प्रत्येकात तीन गोष्टी: अहवालाचं पान, त्यात काय चुकलं किंवा राहिलं, आणि तुम्हाला नेमकं काय हवं.

असं लिहू नका: "या प्रकल्पाने शेती उद्ध्वस्त होईल, म्हणून आमचा तीव्र विरोध आहे."

असं लिहा (नमुना): "पान १४२ वरील तक्त्यात भूजलाचे नमुने आठ विहिरींचे आहेत. त्यात आमच्या गावातील एकही विहीर नाही. गाव नियोजित कुंपणापासून अडीच किलोमीटरवर, ओढ्याच्या उताराकडे आहे. गावातील किमान दोन विहिरींचे उन्हाळ्यातील व पावसाळ्यानंतरचे नमुने तपासून निष्कर्ष अंतिम अहवालात द्यावेत."

पहिल्या वाक्याला उत्तर "नोंद घेतली" असं येतं. दुसऱ्याला विहीर खणून, निदान बादली टाकून उत्तर द्यावं लागतं.

विरोध असेल तर तोही लिहा, जरूर लिहा. पण शेवटच्या परिच्छेदात, मुद्दे झाल्यावर. आणि पन्नास जणांच्या सह्यांचं एकच छापील निवेदन देण्यापेक्षा दहा जणांची दहा वेगळी पत्रं बरी. एकाच मजकुराच्या ढिगाची नोंद एका ओळीत होते.

दाखल करताना: दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, नंतर टाकतो शिक्का" म्हणाले तर बाकावर बसा. ईमेल केला असेल तरी हा कागद द्याच.

## ७. सुनावणीच्या दिवशी

अध्यक्ष कोण ते आधी बघा. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी हवा, आणि प्रतिनिधी अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या दर्जाखालचा चालत नाही. तसा कोणी बसला असेल तर पहिल्यांदा उभं राहून हीच हरकत नोंदवा. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण बंधनकारक आहे, कॅमेरा चालू आहे ना तेही पाहा.

हजेरीपटावर सही करा. काही ठिकाणी लोक भीतीने सही टाळतात: "सही केली म्हणजे संमती दिली." तसं नसतं. सही नसेल तर मात्र तुम्ही तिथे होतात याला पुरावा राहत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. बहिष्कार टाकून मंडप रिकामा केला की सुनावणी रद्द होते, असा समज आहे. होत नाही. अधिसूचनेत गणसंख्येची अटच नाही. वीस माणसांत झालेली सुनावणीही कागदोपत्री पूर्ण ठरते, आणि तुमच्या बाजूचं त्यात काही नसतं. घोषणा द्यायच्या तर मंडपाबाहेर द्या, मग आत या.

बोलताना नाव, गाव, मग मुद्दा. तीन मिनिटांत मावेल एवढंच. सुरुवातीला प्रकल्पाचे लोक सादरीकरण करतात, तेव्हा त्यांनी सांगितलेला आकडा अहवालाशी जुळत नसेल तर तो लिहून ठेवा. तुमचा पहिला प्रश्न तोच. शेवटी म्हणा, "हा मुद्दा इतिवृत्तात घ्यावा, लेखी प्रत देत आहे," आणि प्रत टेबलावर द्या.

प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरच्या आपत्कालीन आराखड्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि खुर्चीवर तेच किंवा त्यांचा माणूस बसलेला असतो. त्यामुळे रस्त्याचा आणि स्थलांतराचा मुद्दा आपोआप योग्य कानावर जातो.

## ८. इतिवृत्त वाचून होईपर्यंत उठू नका

आपल्या जिल्ह्यातल्याच एका प्रकल्पाच्या सुनावणीची गोष्ट. अणूशी संबंध नव्हता, राखेचा प्रश्न होता. एका द्राक्ष बागायतदाराने घरून पांढरं धोतराचं फडकं आणलं होतं, बागेतल्या घडांवरून फिरवून करडं झालेलं. त्याने ते हातात धरून दाखवलं, छाटणीच्या तारखांसकट सांगितलं. मंडपात सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. महिन्याभराने इतिवृत्त मिळालं. त्यात लिहिलं होतं: "एका शेतकऱ्याने प्रदूषणाबाबत चिंता व्यक्त केली." फडकं नाही, द्राक्षं नाहीत, तारखा नाहीत. त्याने लेखी काही दिलं नव्हतं आणि वाचनाच्या वेळी तो मंडपात नव्हता. दूध काढायची वेळ झाली म्हणून निघून गेला होता. मीही त्याच्याबरोबर बाहेर चहा घेत होतो, हे कबूल करतो.

नियम असा: कामकाजाचा सारांश शेवटी लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी सही करायची. तुमच्या हातात असलेली दुरुस्तीची हीच सोपी संधी. म्हणून गावात आधीच ठरवा, शेवटपर्यंत थांबणारे पाच जण कोण. त्यांच्या घरची धार दुसऱ्यांनी काढायची. थांबणाऱ्यांजवळ प्रत्येक वक्त्याचं नाव आणि एका ओळीत मुद्दा अशी यादी हवी. वाचन चालू असताना यादीवर टिक करत जा. जे गाळलं किंवा गुळगुळीत केलं, ते तिथेच उभं राहून सांगा.

तपासा: वाचन झालं का? मराठीत झालं का? सही त्याच दिवशी झाली का? यातलं काही राहिलं तर दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी पत्र आणि त्याची पोच.

## ९. मंडप उठल्यावर

प्रदूषण मंडळाने सुनावणी संपल्यापासून आठ दिवसांत कामकाज मंत्रालयाकडे पाठवायचं असतं. ते पंचायत, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मंडळाच्या संकेतस्थळावर लागतं. उतरवून घ्या. त्यावरचं तुमचं म्हणणं थेट मंत्रालयाला पाठवता येतं, ही वाट फार थोडे लोक वापरतात.

मग प्रकल्पवाले लोकांच्या मुद्द्यांना उत्तरं जोडून अंतिम अहवाल तज्ज्ञ समितीपुढे ठेवतात. मंत्रालयाच्या 'परिवेश' या मंजुरीच्या पोर्टलवर प्रकल्पाचं नाव टाकून विषयपत्रिका पाहत राहा.

मंजुरी मिळाली आणि ती मान्य नसेल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ. मुदत ३० दिवस. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यानंतर दार बंद. "आधी आमदारांना भेटू, मग बघू" यात हे नव्वद दिवस गेलेले मी पाहिलेत. वकिलाकडे जाताना टप्पा ३ ची कात्रणं आणि टप्पा ६ च्या पोचा घेऊन जा, त्याच्या कामाचं एवढंच असतं.

मंजुरी अटींसह येते. जैतापूरच्या २०१० च्या मंजुरीला ३५ अटी होत्या. या अटींच्या पूर्ततेचा अहवाल प्रकल्पाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तुमच्या विहिरीची किंवा रस्त्याची अट कुठल्या क्रमांकाची आहे तो आकडा कॅलेंडरवर या दोन तारखांपुढे लिहून ठेवा. त्या क्रमांकासमोर काय लिहिलंय ते वाचा. खोटं असेल तर फोटोसह पत्र मंत्रालयाच्या नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाला, प्रत प्रदूषण मंडळाला. पत्र स्पीड पोस्टाने, आणि पोस्टाची पावती त्याच फाईलमध्ये.